झाड उपाशी आहे, हे कशावरून ठरवलंत?

पत्राचा सारांश

घरामागे आईनं लावलेलं सफरचंदाचं जुनं झाड, एक पीच, गेल्या वर्षी लावलेलं प्लमचं रोप आणि मोठ्या कुंडीतलं लिंबू, एवढी बाग या वाचक ताईंच्या वाट्याला आली आहे. आईला आता वाकून काम होत नाही, म्हणून गेली दोन वर्षं सगळं त्याच बघतात. वसंतात कळ्या फुगू लागल्या की प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी त्या शेणखत, मिश्रखत, एप्सम सॉल्ट, अंड्याची टरफलं, केळीच्या साली असं सगळं घालतात. तरी पहिल्या वर्षी फळांनी वाकलेल्या सफरचंदाला गेल्या वर्षी जेमतेम टोपलीभर फळं आली. त्या फळांच्या सालीखाली तपकिरी ठिपके होते. झाड मात्र उंचच उंच चाललंय, सरळ वर गेलेले फुटवे माणसाच्या उंचीचे आणि त्यांच्या शेंड्यांवर मावा. पीचची नवी वाढ वीतभरही नाही आणि दरवर्षी काही पानं जाड, लालसर होऊन मुडपतात. लिंबाची पानं पिवळी पडली आहेत. प्लम लावला तेवढाच आहे.

ओळखीतले एकजण म्हणतात, "खत कमी पडतंय, दुप्पट करा." आई म्हणते, "इतकं काही घालू नकोस गं." कळ्या पुन्हा फुगल्या आहेत. ताई विचारतात: "नेमकं कोणतं खत, किती आणि केव्हा द्यायचं? माझ्या हातून या झाडांची हेळसांड होतेय का? आई एरवी काही बोलत नाही, नुसती खिडकीतून बघत असते, आणि मला फार अपराधी वाटतं."

उत्तर

ताई,

कळ्या फुगल्या आहेत म्हणजे हाताशी वेळ थोडा आहे, म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते. सफरचंदाला या वसंतात काहीही घालू नका. प्लमलाही नको. पीचला खत द्या, पण मोजून. लिंबाचं काय करायचं ते पिवळी पानं नवी आहेत की जुनी, हे बघून ठरवू. आणि हेळसांड म्हणाल, तर ती तुमच्या पत्रात मला कुठेच दिसली नाही. ज्या बारकाईनं तुम्ही मावा, ठिपके, मुडपलेली पानं टिपली आहेत, ती बघता या झाडांवर तुमचं नीट लक्ष आहे. फक्त दिसलेल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ तुम्ही एकच लावलात: झाडाला काहीतरी कमी पडतंय.

फळं कमी आली म्हणजे झाड उपाशी, हे आपण इतकं सहज धरून चालतो की ते तपासून बघायचंही सुचत नाही. झाड आपलं अन्न स्वतः तयार करतं. पानं हवेतला कार्बन घेतात, मुळं पाणी घेतात, ऊन पडलं की साखर होते. खतातून मिळतात ती खनिजं: नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि थोडी थोडी बाकीची. ती लागतातच. पण एखादं पुरेसं असेल तर ते आणखी घालून काही साधत नाही. वाढ अडते ती ज्याची कमतरता सगळ्यात जास्त असेल त्यापाशी. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्येच मांडला होता आणि पुढे युस्टुस फॉन लीबिग यांनी तो सगळीकडे पोचवला. शिवाय अडवणारी गोष्ट खनिजच असेल असंही नाही. ऊन कमी पडत असेल, मुळाशी पाणी साचत असेल, फुलांच्या वेळी मधमाश्या फिरकल्या नसतील, तर खताचं पोतं रिकामं करूनही फळ वाढत नाही.

सफरचंदाकडे आधी वळते, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे.

या वसंतात जी फुलं उमलणार आहेत ती आज ठरलेली नाहीत. सफरचंद, पीच, प्लम, नासपती अशा पानगळ होणाऱ्या झाडांत फुलाची कळी आदल्या उन्हाळ्यातच धरते, हिवाळाभर झोपून राहते आणि वसंतात फक्त उघडते. फुलं आणि पहिली कोवळी पानं ज्या नत्रावर फुटतात तेही बहुतांशी आदल्या वर्षी खोडात, सालीत, मुळांत साठवलेलं असतं. माती उबदार झाल्यावर आणि पालवी वाढीला लागल्यावरच मुळं जमिनीतून नत्र जोरात उचलतात. म्हणजे कळ्या फुगल्यावर तुम्ही जे खत घालता ते त्या कळ्यांसाठी नसतंच. ते जातं पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या पालवीत. आणि पालवी तर तुमच्या झाडाला आधीच गरजेपेक्षा जास्त आहे.

मग एका वर्षी फांद्या वाकल्या आणि पुढच्या वर्षी टोपलीभरच, हे कसं? सफरचंदाची ही जुनी खोड आहे, एक वर्षाआड बहरायची. फळं फार लागली की त्यांच्यातल्या कोवळ्या बियांमधून जिबरेलिन नावाची संजीवकं, म्हणजे वाढ ठरवणारी द्रव्यं, सुटतात, आणि ती शेजारच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीची फुलकळी धरू देत नाहीत. त्यात भरीला एवढी फळं पोसण्यात झाडाचा साठा संपतो. पुढचं वर्ष रिकामं जातं, त्या रिकाम्या वर्षात भरपूर कळ्या धरतात आणि चक्र चालू राहतं. गेलं वर्ष तुमचं रिकामं होतं, म्हणजे यंदा फुलोरा भरघोस येण्याची शक्यता खूप आहे. तेव्हा आताच सावध करते. झाड पांढरंशुभ्र झालं की तुम्हाला वाटेल, एवढ्या फळांना पोसायला खत हवंच. त्या मोहात पडू नका. या वर्षी झाडाला तुमची मदत हवी आहे ती विरळणीची.

फुलं गळून फळं वाटाण्यापेक्षा मोठी झाली की प्रत्येक झुपक्यात एकच, सगळ्यात चांगलं फळ ठेवा आणि बाकीची देठाजवळ चिमटून काढा. ठेवलेल्या दोन फळांत साधारण १५ सेंटिमीटर अंतर राहू द्या. फुलं उमलल्यापासून महिना-सव्वा महिन्यात हे काम उरकलं तर पुढच्या वर्षीच्या कळ्यांना त्याचा फायदा मिळतो. नंतर केलीत तर उरलेली फळं मोठी होतील, पण कळ्या धरायची वेळ निघून गेलेली असेल. हातानं लावलेलं फळ काढताना जीव तुटतो, हे मला कळतं. पण सफरचंदाच्या शंभर फुलांतली पाच ते दहा फळाला आली तरी झाड भरून जातं. बाकीची झाडाला नकोच असतात, त्यातली बरीच ते आपणहून टाकतं. त्यामुळे फळगळ दिसली की खताकडे धावणाऱ्या सगळ्याच वाचकांना सांगावंसं वाटतं: सुरुवातीची फळगळ बहुतेकदा झाडाचा स्वतःचा हिशोब असतो.

सालीखालचे तपकिरी ठिपके तुमच्या वर्णनावरून 'बिटर पिट'चे वाटतात. त्याचं कारण फळात कॅल्शियम कमी पडणं. आता तुम्ही म्हणाल, मी तर अंड्याची टरफलं घालते! कॅल्शियम मातीत बहुतेकदा असतंच, अडचण ते फळापर्यंत पोचण्यात असते. ते पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून बाष्प जास्त उडतं तिथे जातं, म्हणजे पानांत. जोमानं वाढणारे फुटवे ते आधी ओढून घेतात आणि फळाच्या वाट्याला थोडं येतं. नत्र जास्त झालं की फुटवे वाढतात आणि हा तुटवडा आणखी वाढतो. त्यातच एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, आणि मॅग्नेशियम व पालाश जास्त झाले की मुळांशी ते कॅल्शियमला मागे रेटतात. फळं कमी लागलेल्या वर्षी ती आकारानं मोठी होतात आणि त्यांच्यात हा दोष अधिक दिसतो. तुमचं गेलं वर्ष तसंच होतं. तेव्हा एप्सम सॉल्ट बंद. मॅग्नेशियम खरंच कमी आहे असं परीक्षणात दिसल्याशिवाय ते कुणीच घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मावाही त्याच वाटेनं आला आहे. नत्रानं फोफावलेला मऊ, रसरशीत शेंडा माव्याला फार आवडतो. सफरचंद आणि नासपतीत 'फायर ब्लाइट' हा जिवाणूंमुळे होणारा रोगही अशाच कोवळ्या वाढीवर झपाट्यानं पसरतो. म्हणजे ठिपके, मावा, पुरुषभर उंच फुटवे आणि कमी फळं या तुमच्या चार तक्रारींपैकी पहिल्या तिन्हींच्या मागे जास्तीचं नत्र आहे, आणि चौथीला त्याचा उपयोग नाही. दुप्पट करा म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण या झाडाबाबतीत आईचंच बरोबर आहे.

सरळ वर गेलेले ते फुटवे आत्ता छाटू नका. आत्ता छाटलेत तर तेवढेच नवे, आणखी जोमानं येतील. उन्हाळ्यात, वाढ मंदावल्यावर, बुडापासून काढा. ज्यांना जागा आहे असे एक-दोन हलक्या हातानं वाकवून दोरीनं आडवे बांधलेत तर ते पुढे फळही देतील, कारण आडव्या फांदीची वाढ मंदावते आणि तिच्यावर फुलकळ्या जास्त धरतात. सफरचंदाखाली गवत असेल तर या वर्षी तेही राहू द्या. फक्त खोडाला चिकटू देऊ नका. गवत वरच्या थरातलं नत्र खातं, आणि या झाडाच्या बाबतीत आपल्याला तेच हवं आहे. मात्र त्या गवताला वेगळं खत टाकत असाल तर थांबवा. गवतासाठी टाकलेलं नत्र झाडालाही मिळतंच, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता खत द्यायचं की नाही हे ठरवण्याची रीत. ही एकदा हातात बसली की पुढे कुणाला विचारावं लागणार नाही.

एखाद्या बाजूच्या, मध्यम उंचीवरच्या फांदीचं टोक हातात धरा. टोकाकडून खोडाकडे बोट फिरवत या. एका ठिकाणी सालीवर फांदीभोवती बारीक बारीक सुरकुत्यांचं कडं लागेल, अंगठीचे वळसे एकमेकांवर चढवल्यासारखं. गेल्या वसंतात शेंड्याची कळी उघडली तेव्हा तिचे खवले जिथून गळले, त्याची ही खूण. टोकापासून या कड्यापर्यंतची लांबी म्हणजे गेल्या वर्षभराची वाढ. कड्याच्या पुढची साल सहसा जास्त तुकतुकीत असते आणि मागची थोडी मळकट, त्यावरूनही ओळखता येतं. झाडाच्या चारी बाजूंनी आठ-दहा फांद्या अशा मोजा. सरळ वर गेलेले फुटवे धरू नका, नाहीतर अंदाज चुकेल.

फळावर आलेल्या सफरचंदाची अशी वाढ २० ते ४० सेंटिमीटर असेल, म्हणजे एक वीत ते जेमतेम दोन विती, तर त्या झाडाला खताची गरज नाही. पीच फळं देतो तो गेल्या वर्षीच्या कोवळ्या काडीवर, त्यामुळे त्याला दरवर्षी जास्त नवी काडी लागते: ३० ते ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड वीत ते एक हात. अजून फळावर न आलेल्या तरुण झाडांची वाढ यापेक्षा बरीच जास्त असायला हवी, हातभर तर नक्कीच. वाढ या मापाच्या वर गेली असेल तर खत बंद. माप बरोबर असेल तर बुंध्यापासून अंतर सोडून बोटभर कुजलेलं कंपोस्ट पसरा आणि पुरे. कमी असेल तर खताचा विचार करा, पण त्याआधी वाढ का खुंटली ते बघा.

तुमच्या पीचबद्दल तेच. वीतभरही वाढ नाही म्हणजे त्याला खरंच काहीतरी कमी पडतंय. पण तीन गोष्टी आधी तपासा. एक, त्याच्याखाली गवत दाट आहे का? असेल तर खोडापासून सगळीकडे किमान मीटरभर जागा मोकळी करा. निव्वळ एवढ्यानं कित्येक झाडं सावरतात. दोन, गेली दोन वर्षं छाटणी झाली आहे का? पीचची छाटणी राहिली की नवी काडी वर्षागणिक आखूड होत जाते. तीन, पावसाचं पाणी बुडाशी साचतं का? साचत असेल तर मुळं गुदमरतात आणि घातलेलं खत ती उचलूच शकत नाहीत. तिथे आधी निचरा करायला हवा.

जाड, लाल, मुडपलेली पानं मात्र खताच्या कमतरतेनं होत नाहीत. तो 'पीच लीफ कर्ल' हा बुरशीचा रोग. ओल्या, गार हवेत कळ्या फुगत असतानाच बुरशी आत शिरते, आणि पानं मुडपलेली दिसतात तोवर यंदापुरता उपाय संपलेला असतो. पानगळ झाल्यावर ते कळ्या फुगायच्या आधी, या काळात ताम्रयुक्त बुरशीनाशकाची फवारणी करावी लागते, डब्यावरच्या प्रमाणात. यंदा ती वेळ हुकली असेल तर रोगट पानं वेचून काढा, पाण्याचा ताण पडू देऊ नका, आणि फळं जरा जास्तच विरळ करा म्हणजे नवी पानं काढायला झाडाला बळ उरेल.

खताचा हिशोब असा. जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर खोडाचा घेर दोरीनं मोजा आणि त्याला ३.१४ नं भागा. समजा घेर ३१ सेंटिमीटर भरला, तर खोडाची जाडी झाली साधारण १० सेंटिमीटर. दर अडीच सेंटिमीटर जाडीमागे वर्षाला ४५ ग्रॅम नत्र, हा फळझाडांसाठी वापरला जाणारा जुना ठोकताळा आहे. झाड कितीही मोठं असलं तरी वर्षाला ४५० ग्रॅमच्या वर जायचं नाही. तुमच्या पीचचा घेर एवढाच भरला, तर या हिशोबानं त्याला १८० ग्रॅम नत्र होतं. पण हे झाडाला द्यायचं वजन नव्हे, त्यातलं नत्र आहे, आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. १०:१०:१० मिश्रखतात (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशचे) शंभरात दहा भाग नत्र, म्हणजे १८० ग्रॅम नत्रासाठी १.८ किलो खत. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे तेवढ्याच नत्रासाठी ४०० ग्रॅमहून थोडा कमी युरिया. दोन्हींची मापं एकच समजून घातली तर झाड जळेल.

मी तुम्हाला या वर्षी निम्म्यानंच सुरुवात करायला सांगेन, म्हणजे या उदाहरणात ९० ग्रॅम नत्र. दोन वर्षं शेणखत पडलंय, त्यातलं नत्र अजून सावकाश सुटत असणार. शेणखतात नत्राचं प्रमाण साधारण अर्धा टक्का असतं. १० किलोत ५० ग्रॅम, आणि त्यातलंही पहिल्या वर्षी काहीच भाग मोकळा होतो, उरलेला नंतर. ते हळू असतं म्हणून निरुपयोगी समजू नका. मातीची घडण सुधारते, पाणी धरून ठेवते, गांडुळं येतात, हे काम मिश्रखत करत नाही. मात्र ते पूर्ण कुजलेलं हवं. काळं, भुसभुशीत, हातात घेतलं तर शेणाचा वास न येणारं. ताज्या शेणातला अमोनिया आणि क्षार कोवळ्या मुळांना भाजतात, त्यातून तणाचं बी येतं, हुमणीसारख्या अळ्या येतात. शिवाय ताजं शेण आणि फळतोडणी यांत तीन-चार महिन्यांचं अंतर नसेल तर खाली पडलेली फळं खाण्याच्या दृष्टीनंही ते बरं नाही.

मिश्रखतातल्या स्फुरदाबद्दलही एक सांगते. नत्र पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. स्फुरद मातीला धरून बसतं आणि साचत जातं. वर्षानुवर्षं तिन्ही आकडे सारखे असलेलं खत घातलं की स्फुरदाचा ढीग होतो आणि झाडाला जस्त आणि लोह मिळणं अवघड होतं. म्हणून माती परीक्षण दर तीनेक वर्षांनी एकदा तरी करून घ्या. बागेतल्या आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून द्यायची, आणि नुकतं खत पडलेली जागा टाळायची. अहवालात आधी सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते) बघा. बहुतेक फळझाडांना तो ६ ते ७ च्या दरम्यान मानवतो. सामूच बिघडलेला असेल तर मातीत असलेली खनिजंही मुळांना मिळत नाहीत.

आणि जागा. बुंध्याशी घालू नका ताई, कुठल्याच झाडाला. बुंध्याजवळ असतात ती जाड, आधार देणारी मुळं. खाणारी बारीक पांढरी मुळं बरीच लांब, फांद्यांच्या टोकांखाली आणि त्याच्याही पलीकडे पसरलेली असतात, आणि त्यातली बहुतेक वरच्या ३० ते ४५ सेंटिमीटर मातीत. ओल्या खताचा ढीग खोडाला टेकून राहिला तर साल कुजते. खोडापासून हातभर जागा कोरी ठेवा, आणि तिथून फांद्यांच्या टोकांच्या थोडं पुढेपर्यंत खत पातळ, सारखं भुरभुरा. खोल खणू नका, वरची मुळं तुटतील. मातीला वाफसा असताना, म्हणजे ती ओलसर पण चिखल नसलेली असताना, टाका आणि लगेच पाणी द्या. युरिया तर उघड्यावर मुळीच ठेवू नका, ओलसर जमिनीवर पडून राहिला की त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. वरून पालापाचोळ्याचं किंवा लाकडाच्या भुग्याचं चार-पाच बोटं जाड आच्छादन घाला, तेही खोडापासून दूर.

लिंबाचा प्रश्न वेगळा आहे, कारण ते सदाहरित आहे आणि कुंडीत आहे. पिवळी पानं जवळून बघा. जुनी, खालची पानं सगळीच्या सगळी फिकट पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे. कुंडीत हे नेहमी होतं, दर पाण्याबरोबर ते खालून निघून जातं. तिथे वाढीच्या काळात थोडं थोडं, पण वरचेवर द्यावं लागतं. एकदम वसंतात भरपूर घालून वर्षभर विसरायचं, ही रीत कुंडीला चालत नाही. नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. बहुतेकदा माती किंवा पाणी चुनखडीचं असतं, आणि तिथे नत्र घालून फरक पडत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, द्यावं लागतं. जुन्या पानांत देठाकडे हिरवा उलटा त्रिकोण राहून बाकीचं पिवळं होत असेल तर मॅग्नेशियम, आणि एप्सम सॉल्टची खरी जागा ती. पण यातलं काहीही करण्याआधी बोट मातीत खुपसून बघा. चिखल लागला, आंबूस वास आला, तर सगळा दोष पाण्याचा. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी साय धरली असेल तर क्षार साचले आहेत, म्हणजे खत आधीच जास्त झालंय. भोकातून भरपूर पाणी निघून जाईपर्यंत स्वच्छ पाणी द्या आणि काही आठवडे खत थांबवा. आणि थंडी नुकतीच सरली असेल तर जरा धीर धरा, गार मातीत लिंबाची मुळं आळसावलेली असतात, उबेबरोबर बरीच पानं आपोआप हिरवी होतात.

प्लमचं रोप वाढत नाही म्हणून घाबरू नका. पहिल्या वर्षी रोप सगळी शक्ती मुळं पसरवण्यात घालतं, वर काही दिसत नाही. त्याच्याभोवतीचं आणि तुम्ही बुंध्याशी घातलेलं सगळं बाजूला सारा, तण काढा, आच्छादन घाला, आणि आठवड्यातून एक-दोनदा सावकाश, खोलवर मुरेल असं पाणी द्या. या वर्षाची वाढ पुढच्या वसंतात कड्यापासून मोजा आणि मग ठरवा. खड्ड्यात किंवा नव्या मुळांशी तीव्र खत घातल्यानं रोपं दगावतात. पहिल्या वर्षी खत न मिळाल्यामुळे दगावलेलं रोप क्वचितच सापडेल.

टरफलं आणि साली फेकू नका, पण झाडाखाली टाकण्यापेक्षा कंपोस्टमध्ये टाका. आख्खं टरफल मातीत कित्येक वर्षं तसंच राहतं. लाकडाची राख वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की ती सामू वाढवते, तेव्हा माती आधीच चुनखडीची असेल तर राख नको.

ज्यांच्याकडे आंबा आहे त्यांनी या उत्तरातलं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नये. आंब्याला मोहोराच्या तोंडावर भरपूर नत्र आणि पाणी दिलं की मोहोराऐवजी पालवी फुटते. त्याची मुख्य मात्रा फळं उतरवल्यावर द्यायची असते. आणि कुठलंही झाड जबर छाटलं असेल तर त्या वर्षी नत्र हात राखून द्या, छाटणीनंच त्याला जोराची फूट येते. थंडी कडक पडते अशा ठिकाणी उन्हाळ्याच्या मध्यानंतर नत्र देऊ नये, उशिराची कोवळी फूट हिवाळ्यात मरते.

आता आईबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्या काही बोलत नाहीत, पण त्याच पत्रात त्यांचं एक वाक्य आहे, आणि ते सफरचंदाच्या बाबतीत अगदी अचूक आहे. त्यांना खत किती घालू हे विचारण्यापेक्षा त्या स्वतः वर्षभर काय करायच्या ते विचारा. कुठल्या फांद्या काढायच्या, फळं विरळ करायच्या का, कुठल्या वर्षी फळ जास्त यायचं, पाणी कुठून सोडायच्या. बावीस-पंचवीस पुस्तकं वाचून त्या एका झाडाबद्दल जे कळणार नाही ते त्यांना ठाऊक असणार. जमलं तर खुर्ची झाडाजवळ न्या आणि फांदीवरचं ते कडं त्यांच्यासमोरच मोजा. मी खात्रीनं सांगते, त्या खिडकीतून तुमच्या चुका मोजत नाहीयेत.

या आठवड्यात एवढंच करा: बुंध्यांशी साचलेलं खत हातानं मागे ओढा, पीचखालचं गवत काढा, सफरचंद आणि पीचची वाढ मोजून कागदावर तारखेसह लिहून ठेवा. पीचच्या त्या निम्म्या नत्राचे दोन भाग करा. पहिला पालवी फुटू लागली की, दुसरा फळधारणा झाल्यावर. मधल्या काळात कडाक्याच्या थंडीनं फुलं करपली आणि फळ धरलंच नाही, तर दुसरा भाग देऊ नका.